वणाचा रंग

आज आम्ही एका जुन्या गोष्टीपासून सुरुवात करतो, आणि ती गोष्ट आहे नाकाची. 'अमक्याने घराण्याचे नाक कापले' असे आपण सहज बोलून जातो. पूर्वी ही नुसती बोलायची पद्धत नव्हती. लढाईत सापडलेल्या माणसाला, चोराला, नवऱ्याचा संशय बसलेल्या बाईला खरोखर नाक कापायची शिक्षा होत असे. जीव जात नसे. पण चारचौघांत वावरणे संपत असे, आणि शिक्षा करणाऱ्याला तेच हवे असायचे.

कावसजी नावाचा एक मराठी माणूस होता. जातीने शेतकरी, काम बैल हाकायचे. टिपू सुलतान आणि इंग्रज यांच्या लढाईत तो इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल घेऊन गेला आणि टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक आणि एक हात कापला. वर्षभराहून जास्त काळ तो नाकाशिवाय राहिला. मग १७९३ च्या सुमारास पुण्याजवळ एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. हा माणूस मोठा शिकलेला वैद्य नव्हता. विटा पाडणाऱ्या जातीतला, म्हणजे बहुधा आपल्यातला कुंभारच. हे काम त्याच्या घराण्यात चालत आलेले असावे.

त्याने काय केले ते नीट ऐका, कारण त्यातल्या वस्तू आपल्या घरातल्या आहेत. आधी मेणाचा पातळ पत्रा करून त्याचे नाक घडवले आणि ते तुटलेल्या जागी बसते का ते पाहिले. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला आणि भोवती रेघ ओढली. तेवढ्या मापाची कातडी कपाळावरून सोडवली, पण दोन भुवयांच्या मधे एक बारीक पट्टी तशीच जोडलेली ठेवली, रक्त चालू राहावे म्हणून. ती कातडी वळवून खाली आणली आणि नाकाच्या जागी बसवली. टाके नाहीत. पानात खायचा कात पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांना लावला आणि पाच-सहा पट्ट्या एकावर एक चिकटवल्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेले कापड ठेवले. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास मधली पट्टी कापली. नाक तयार.

मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी असे काम चालताना स्वतः पाहिले. जेम्स वेल्स नावाच्या चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या एका मासिकात ही सगळी हकीकत छापून आली. ती वाचून कार्प्यू नावाच्या डॉक्टरने बरीच वर्षे अभ्यास केला, १८१४ साली लंडनमध्ये याच पद्धतीने शस्त्रक्रिया केली आणि दोन वर्षांनी त्यावर पुस्तक लिहिले. आज जगभर जिला प्लॅस्टिक सर्जरी म्हणतात, तिच्या पुस्तकांत पुण्याच्या त्या कुंभाराचा उल्लेख असतोच. नाव मात्र नाही. बैल हाकणाऱ्याचे नाव उरले, हात चालवणाऱ्याचे गेले.

आम्ही ही गोष्ट सांगितली ती त्या हकिकतीतल्या शेवटच्या भागासाठी. लिहिणाऱ्याने आवर्जून नोंदवले होते की कपाळावरचा वण काही काळाने फारसा दिसत नाही. म्हणजे नाक मिळाले यावर गोष्ट थांबली नाही. कातडी जिथून काढली तिथे काय राहिले, ते लोकांच्या नजरेला किती दिसते, हेही त्याला लिहावेसे वाटले. आजचे आमचे बोलणे त्या मागे राहिलेल्या खुणेबद्दल आहे. पुस्तकात व्रण म्हणतात, आपण वण म्हणतो.

ऑपरेशन झाले, टाके निघाले, डॉक्टर म्हणाले, 'झाले, आता घरी जा.' इथून पुढे वणाचे काय करायचे हे बाईला कोणी सांगत नाही. ती विचारतही नाही. जीव वाचला तेवढे पुरे, आता रूपाचे काय घेऊन बसलीस, असे कोणी म्हणेल याची लाज वाटते. मग ती लग्नाला जात नाही, हळदीकुंकवाला जात नाही, गटाच्या बैठकीत पदर गालावर ओढून मागे बसते. मानेवर भाजलेली मुलगी दहावीनंतर महाडला कॉलेजला जायला नको म्हणते. याला नखरा म्हणणाऱ्यांना आम्हाला इतिहासच दाखवायचा आहे.

सुश्रुताचे नाव तुम्ही ऐकले असेल. नाक बसवण्याची कृती त्याच्या ग्रंथात आहे, तिथे मेणाऐवजी झाडाच्या पानाने माप घ्यायला सांगितले आहे आणि कातडी गालाची घ्यायला. पण त्याच ग्रंथात जखमेवर करायच्या साठ उपायांची यादी आहे, तिच्याकडे फार लोक बघत नाहीत. त्या साठांत जखम धुणे, शिवणे, बांधणे आहे. आणि शेवटाकडे काय आहे? भरून आलेला वण पांढरा पडला असेल तर त्याला कातडीसारखा काळसर करणे, काळा पडला असेल तर उजळ करणे, वणावर केस येत नसतील तर ते आणणे. जखम भरली म्हणून वैद्याची सुट्टी होत नाही. वणाचा रंग बाकीच्या अंगाशी जुळेपर्यंत काम त्याचेच. दोन हजार वर्षांच्या आसपास जुन्या ग्रंथात हे जखमेच्या उपचारातच मोजले आहे, शृंगारात नाही.

एक सावधगिरी इथेच सांगतो. पांढरा वण काळा करायला त्या ग्रंथात बिब्बा वापरायला सांगितला आहे. बिब्बा उतला की काय होते ते आपल्याला ठाऊक आहे. कोणी जुने औषध म्हणून तुमच्या वणावर बिब्बा लावायला आले तर हात धरा. इतिहास ऐकायचा असतो, सगळाच अंगाला लावायचा नसतो.

मधल्या काळात वणांचा सर्वांत मोठा कारखाना म्हणजे देवीचा रोग. आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीत तोंडावर देवीचे वण असलेली माणसे घरोघर होती. मुंबईत १४ जून १८०२ रोजी तीन वर्षांच्या एका मुलीला देवीची लस टोचली, हिंदुस्थानातली ती पहिली. तिथून रोग संपायला पावणेदोनशे वर्षे लागली. भारतातला शेवटचा रोगी १९७५ साली सापडला आणि १९८० मध्ये जगातूनच देवी गेल्याचे जाहीर झाले. वण सगळ्यांच्या तोंडावर असले तरी बापई माणसाच्या तोंडावरच्या वणांचे कोणाला काही वाटत नसे. मुलीच्या तोंडावर असले की लग्नाची बोलणी अडायची. देवी गेल्या, ही नजर गेली नाही. आज ती भाजलेल्या मुलीकडे वळली आहे.

आता जरा लांब जाऊ. महाड तालुक्यातले फौजी आंबवडे तुम्हाला माहीत आहे. घरटी फौजेत माणूस, म्हणून तर गावाला ते नाव. अशा गावातल्या बाईला युद्ध म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. १९१४ ते १९१८ च्या पहिल्या महायुद्धात खंदकातून डोके वर काढले की गोळी तोंडावर लागायची. जबडा गेलेले, नाक गेलेले हजारो जवान जिवंत परतले. इंग्लंडमध्ये सिडकप गावी त्यांच्यासाठी खास दवाखाना निघाला, हॅरल्ड गिलिज हे तिथले मोठे सर्जन. त्यांच्या हातून फार मोठे काम झाले. पण त्याच गावात रस्त्यावरची काही बाकडी निळ्या रंगाने रंगवली होती. निळ्या बाकावर बसलेल्या माणसाचे तोंड पाहून दचकाल, आधीच सावध व्हा, अशी ती खूण. आम्हाला ही बाकडी वाचून फार वाईट वाटले. गावाने जवानांना बसायला जागा दिली, आणि तीच जागा सगळ्यांपासून वेगळी काढली.

त्याच सुमारास पॅरिसमध्ये ॲना लॅड नावाची अमेरिकन शिल्पकार बाई अशा जवानांसाठी तांब्याच्या पातळ पत्र्याचे मुखवटे करत होती. ती माणसाच्या तोंडाचा साचा घ्यायची, जुना फोटो बघून गेलेला भाग घडवायची आणि मग त्याच्या कातडीचा रंग बघत बघत मुखवट्यावर रंग चढवायची. रंग जुळला नाही तर सगळे फुकट, हे तिला कळले होते.

मुखवट्यानंतर मलम आले. अमेरिकेत लिडिया ओलिअरी नावाची एक मुलगी होती. तोंडावर जन्मापासून जांभळा मोठा डाग. शिकलेली, पण त्या डागामुळे नोकरी कोणी देईना. तिने १९२८ च्या सुमारास डाग पूर्ण झाकणारे घट्ट मलम तयार केले आणि पुढे त्याचे पेटंट मिळवले. जिला गरज होती तिनेच ते शोधले, ही गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. दुसऱ्या महायुद्धात विमानात भाजलेले तरुण आले आणि भाजलेल्या कातडीवरच्या शस्त्रक्रिया वाढल्या. इंग्लंडमध्ये १९७५ पासून रेड क्रॉसच्या स्वयंसेवकांनी दवाखान्यात बसून वण झाकायचे मलम कसे निवडायचे आणि लावायचे हे रोग्यांना शिकवायला सुरुवात केली. त्यांत बऱ्याचशा आपल्यासारख्या घरातल्या बायका होत्या. डॉक्टर नव्हत्या, ब्यूटीपार्लरवाल्याही नव्हत्या. इंग्रजीत या मलमाला कॅमोफ्लाज मेकअप म्हणतात. शब्द फौजेतला आहे. झाडीत मिसळून जावे म्हणून जवान कपड्यांवर तसे रंग वापरतात, तसा हा रंग आपल्या कातडीत मिसळून जातो.

आपल्याकडे नमन-खेळ्यांच्या सोंगाला रंग लावतात तो लांबून दिसावा म्हणून. हा रंग नेमका उलट, जवळूनही दिसू नये म्हणून.

या गिलिज साहेबांच्या हाताखाली शिकलेला एक तरुण पुढे मुंबईला परतला आणि त्याची वाट आपल्या जिल्ह्यात आली. डॉ. नोशीर अंटिया. जन्म १९२२ चा, हुबळीचा. पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात त्यांनी वाकडी झालेली बोटे, बसलेली नाके, गळलेल्या भुवया यांवर शस्त्रक्रिया केल्या. विचार करा, कुष्ठरोग औषधाने बरा झाला तरी तोंडावरची खूण राहिली तर गाव त्याला रोगीच समजते. भुवई परत आली की माणूस एसटीत बसू शकतो. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातला प्लॅस्टिक सर्जरीचा विभाग त्यांनीच उभा केला. तिथे भाजलेल्या बायका येत, आणि भाजलेली बाई म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. स्टोव्हचा भडका म्हणून पोलिसांत लिहिले जाते, त्यातले सगळेच भडके स्टोव्हचे नसतात.

एवढे मोठे सर्जन १९७० च्या दशकात मांडव्याला आले, अलिबाग तालुक्यात. जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते, रायगड झाले १९८१ साली. मांडव्याच्या आसपासच्या तीसेक गावांत त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्याचे काम शिकवले. बऱ्याच जणी जेमतेम शिकलेल्या. तरी क्षयाचा रोगी ओळखणे, कुष्ठरोगाचा चट्टा ओळखणे, बाळंतिणीची काळजी घेणे हे त्या करू लागल्या. ते काम मांडव्याला कायम टिकले नाही, पुढे पुरंदर तालुक्यात परिंचे भागात गेले. पण गावातली बाई हे करू शकते, ही गोष्ट सिद्ध झाली होती. आज आपल्या वाडीत येणारी आशाताई २००५ नंतरची. तिच्या आधी तीस वर्षे आपल्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर तशा बायका काम करत होत्या. अंटिया २००७ मध्ये गेले. चाकूने जगभर नाव झालेला माणूस, पण उरलेले आयुष्य त्यांनी चाकूची गरजच पडू नये यासाठी घालवले.

वण किती राहणार हे खरे तर पहिल्या तासात आणि पहिल्या महिन्यात ठरते, आणि तिथेही मुंबईच्या डॉक्टरांनी आपल्या घरातल्याच वस्तूंकडे पाहिले. भाजलेल्या जागेवरची पट्टी बदलताना ती चिकटते आणि नवी आलेली कातडी सोलून निघते. लहान मुले तर पट्टी बदलायची म्हटली की आकांत करतात. वाडिया मुलांच्या रुग्णालयातल्या डॉ. मनोहर केसवानी यांनी १९८० च्या दशकात उकडलेल्या बटाट्याच्या साली कापडावर चिकटवून, निर्जंतुक करून त्यांची पट्टी वापरून पाहिली. साल ओली राहते, चिकटत नाही. पुढे सायनच्या रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी वापरली आणि त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये परदेशातल्या मासिकात छापून आले. केळीचे पान गुळगुळीत, ओल धरणारे, काढताना दुखत नाही आणि अगदी स्वस्त. याच डॉ. गोरे यांनी सायनला २००० साली त्वचापेढी सुरू केली. मेलेल्या माणसाच्या मांडीची आणि पाठीची वरची पातळ कातडी सहा तासांच्या आत काढून जपून ठेवतात आणि फार भाजलेल्या रोग्याला तात्पुरती पांघरतात. ती कायमची राहत नाही, तीनेक आठवड्यांत गळते, पण तेवढ्यात जीव वाचतो.

मोठे औषध मोठ्या यंत्रातूनच येते असे समजणाऱ्यांना आपल्या बिरवाडीचीही आठवण करून द्यावी. विंचवाच्या विषावरचा उपाय डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड तालुक्यातच शोधला आणि तो आज जगभर वापरतात.

केळीचे पान परसातून तोडून तसेच जखमेवर ठेवायचे, असा याचा अर्थ काढू नका. दवाखान्यात ते निर्जंतुक करतात. घरी भाजले की एकच काम: गार पाण्याची धार, वीस मिनिटे, घड्याळ लावून. बांगड्या, अंगठ्या, मंगळसूत्र सूज यायच्या आत काढायचे. हळद, टूथपेस्ट, शाई, कोंबडीच्या अंड्याचा बलक, यांतले काहीही नको. बर्फही नको. स्वच्छ धुतलेल्या कापडाने झाकून दवाखाना गाठायचा. राब भाजायच्या दिवसांत वाऱ्याने जाळ उलटा फिरतो, तेव्हा पाण्याची कळशी बांधावर असू द्यावी. साडीचा सुती पदर कमरेला घट्ट खोचावा, नायलॉनची साडी त्या दिवशी नेसूच नये.

आता भरलेल्या वणाविषयी. नवा वण लाल-जांभळा दिसतो आणि वर्ष-दीड वर्ष बदलत राहतो. या काळात त्याचा सर्वांत मोठा शत्रू ऊन. आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या माणसांचा वण उन्हाने लवकर काळा पडतो. नाचणी-वरीच्या डोंगरउतारावर दिवसभर काम करणाऱ्या पोलादपूरच्या बाईला 'उन्हात जाऊ नका' म्हणणे सोपे आहे, तिने खायचे काय? तेव्हा जमेल ते करावे: पूर्ण बाह्यांचा सदरा, दुहेरी सुती पदर, रुंद काठाची टोपी, परवडत असेल तर उन्हाचे मलम. चुलीसमोरचा धगीचा ताप नव्या वणाला सोसत नाही, खाजही वाढते.

जखम पूर्ण बंद झाल्यावर, डॉक्टर हो म्हणाले की, साधे खोबरेल लावून बोटाच्या पेराने हळूहळू गोल चोळायचे, दिवसातून दोन-तीन वेळा. मांडीवरची कातडी काढून दुसरीकडे लावली असेल, तर त्या लावलेल्या कातडीत तेल आणि घाम बाहेर टाकायची सोय नसते. ती कोरडी पडून तडकते, म्हणून तिला रोज तेल हवेच. आणि मोठ्या भागावर अशी कातडी लावलेल्या बाईला वैशाखात फार उकडते, कारण घाम तिथून निघत नाही. ती काम टाळते असे म्हणू नका. वण फुगत असेल तर सिलिकॉनची पट्टी मिळते, ती दिवसातले बारा तास किंवा जास्त, दोन-तीन महिने लावावी लागते. भाजलेल्यांना घट्ट बसणारे खास कपडे देतात, ते अंघोळीपुरतेच काढायचे. वण आपल्या हद्दीबाहेर वाढत चालला, छातीवर, खांद्यावर किंवा कानाच्या पाळीवर गाठ झाली, तर तो कीलॉईड. त्याला तेलाने काही होत नाही, डॉक्टरच हवेत. मान छातीकडे ओढली जात असेल, बोट वळत नसेल, तिथेही मलम कामाचे नाही. व्यायाम, आधाराची पट्टी आणि कधी पुन्हा शस्त्रक्रिया.

खर्चाचे भय असते म्हणून सांगतो. राज्य सरकारची जीवनदायी योजना २०१२ च्या जुलैत सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत रायगड होता. आता ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते आणि भाजलेल्यांवरचे उपचार तीत आहेत. कोणावर ॲसिड टाकले गेले, तर सरकारी असो वा खासगी, कुठल्याही दवाखान्याला तिला पैसे नाहीत म्हणून परत पाठवता येत नाही. राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे, ती याच बायकांसाठीही आहे. वण झाकायच्या मलमाला मात्र कोणी पैसे देत नाही. सुश्रुताच्या यादीत जे होते ते आजच्या यादीत नाही, आणि आमच्या मते हे चूक आहे.

त्यामुळे बायका दुकानातून दहा-वीस रुपयांची ट्यूब आणतात. इथे आमचा आवाज जरा चढणार आहे. गोरे करायच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या कित्येक मलमांत स्टेरॉईड असते. सुरुवातीला आठ दिवस तोंड उजळ दिसते, मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, पुरळ येते, तोंडावर लव वाढते. सरकारने २०१८ मध्ये ही मलमे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी ती काउंटरवर मिळतात. काहींत पारा असतो, त्याने मूत्रपिंड बिघडते. वण झाकायचे मलम आणि गोरे करायचे मलम यांचा काहीएक संबंध नाही. एक तुमच्या रंगाशी जुळते, दुसरे तुमच्या रंगाला नावे ठेवते.

झाकायचे मलम घट्ट असते, त्यात रंगाची माती जास्त असते, पाण्याने निघत नाही. ते ओल्या, खपली धरलेल्या किंवा पू असलेल्या जागी लावायचे नाही. आधी कानामागे थोडे लावून एक दिवस थांबून पाहायचे. वण लाल असेल तर खाली हिरवट रंगाचा पातळ हात देतात, त्याने लाली मरते. काळपट असेल तर खाली नारिंगी. त्यावर आपल्या कातडीचा रंग, घासून नाही, बोटाने थापटत, कडेला पातळ करत न्यायचा. मग पावडर भरपूर टाकून पाच-दहा मिनिटे बसू द्यायची आणि जास्तीची झटकायची. रात्री तेलाने पुसून काढायचे, झोपताना ठेवायचे नाही. रंग सपाट होतो, पण फुगलेला वण फुगलेलाच राहतो, हेही आधीच सांगायला हवे. खोटी आशा दाखवणाऱ्याने आपल्याकडे आधीच पुष्कळ पैसे मिळवले आहेत.

आणि झाकायचेच असे नाही. काहीजणींना रोज लावायचे नसते, फक्त पोरीच्या लग्नात, ओळखपत्राच्या फोटोला किंवा नोकरीच्या मुलाखतीला. काहीजणी म्हणतात, मी मेले नाही ही खूण आहे, ती मी का झाकू. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनचा वण तर कोणाला दिसतही नाही, तरी त्या बाईला तो एकदा नीट बघायला महिने लागतात. यांतले कुठलेही उत्तर सासूने, नवऱ्याने किंवा गटाच्या अध्यक्षांनी द्यायचे नाही. सिडकपच्या लोकांनी बाकडी रंगवली, बाकावर बसणाऱ्याला कोणी विचारले नव्हते.

गटाने एक गोष्ट जरूर करावी. मलम महाग आहे आणि एका डबीत एकाच रंगाचे मिळते. तीन-चार गटांनी मिळून वेगवेगळ्या रंगांच्या डब्या घ्याव्यात, म्हणजे जिला हवे तिला घेण्याआधी रंग जुळवून पाहता येईल. डबीत बोट घालू नये, स्वच्छ चमच्याच्या दांड्याने थोडे काढून घ्यावे. रंग बघायचा तो पडवीत, दिवसाच्या उजेडात. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग बाहेर येताच पिवळा किंवा राखाडी दिसतो. तोंडाचा वण असेल तर जबड्याच्या कडेला लावून बघायचे, हाताच्या मागच्या बाजूला नाही. दोन सख्ख्या बहिणींनाही एकच डबी चालेल असे नाही. शिवाय शिमग्याला जुळलेला रंग श्रावणात जुळत नाही. उन्हाळ्यात कातडी काळवंडते आणि लावणीच्या पावसात पुन्हा उतरते. म्हणून एक गडद आणि एक फिकट अशा दोन डब्या ठेवून तळहातावर मिसळून लावायच्या, आणि वर्षातून दोनदा पडवीत बसून रंग पुन्हा जुळवून घ्यायचा.